घाटकोपरची लक्ष्मी

मुलुंड पश्चिमेला एका फ्रेमवाल्याच्या दुकानात गेल्या जुलैत तासभर अडकून पडलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता, त्यामुळे दुकानाच्या दोन्ही भिंती निवांत पाहता आल्या. डावीकडे देव होते : कमळात उभी लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, दत्त, स्वामी समर्थ, विठ्ठल-रखुमाई. उजवीकडे ‘आर्ट’ होते : व्हॅन गॉगची ‘स्टारी नाइट’, क्लिम्टचे ‘द किस’, होकुसाईची लाट, व्हर्मीरची मोत्याचे डूल घातलेली मुलगी आणि मधोमध, हातातल्या दिव्याची ज्योत तळव्याने झाकणारी ती सुपरिचित स्त्री. डावीकडच्या तसबिरी काचेखाली, सोनेरी पट्टीत. उजवीकडची चित्रे कॅनव्हासवर छापलेली, वरून जेलचा हात फिरवून ब्रशचे फटकारे उठवलेली. प्रत्येकाखाली चिठ्ठी : ‘म्यूझियम क्वालिटी’.

पुनर्विकासात नवी जागा मिळालेले एक जोडपे दिवेवाल्या स्त्रीचे माप घेत होते. चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव होते राजा रविवर्मा. मला राहवले नाही. म्हटले, हे हळदणकरांचे चित्र आहे. जोडपे गेल्यावर फ्रेमवाला शांतपणे म्हणाला, “मला माहीत आहे साहेब. पण रविवर्मा म्हटलं की लगेच जातं.”

त्याच्या या व्यापारी शहाणपणाचा माग काढायचा तर मुलुंडहून पाच स्टेशने अलीकडे, घाटकोपरला उतरावे लागते. त्याच्या दोन भिंतींमध्ये आज जी दरी दिसते ती पूर्वी नव्हती. डाव्या भिंतीवरची लक्ष्मी ही एके काळी उजव्या भिंतीचीच होती : एका नामवंत चित्रकाराच्या तैलचित्राची, परदेशी यंत्रावर छापलेली, घरात लावण्यासाठी विकत मिळणारी उत्तम प्रतीची प्रतिकृती. आणि तिचा छापखाना या उपनगरात होता.

रविवर्म्याला चित्रे छापण्याचा सल्ला देणारे सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी गृहस्थ. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेला हा माणूस. १८८४ साली त्यांनी रविवर्म्याला सुचवले की, चित्रांना मागणी इतकी आहे की एका हाताने ती पुरी होणे नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ काढून घ्यावेत. रविवर्म्याने पुढे दहा वर्षांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. चित्रे युरोपात धाडण्याऐवजी त्याने युरोपातला छापखाना इकडे आणला. १८९४ साली गोवर्धनदास खटाव मखनजी या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या भागीदारीत रविवर्मा फाइन आर्ट लिथोग्राफिक प्रेस सुरू झाला. यंत्रे जर्मनीतून आली, तंत्रज्ञही तिकडूनच आले. घाटकोपर तेव्हा साष्टीतले, ठाणे जिल्ह्यातले गाव होते. रेल्वे दारात आणि मुंबईची बाजारपेठ तासाभराच्या अंतरावर. इथून पहिले चित्र बाहेर पडले ते ‘शकुंतलाजन्म’. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये छापखाना घाट चढून मळवलीला, कार्ला-भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी गेला. नंतर थोड्याच वर्षांत तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. दादासाहेब फाळके चलच्चित्रांकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते, हे आपण फाळक्यांच्या चरित्रात वाचतो आणि पुढे सरकतो. पण थोडे थांबून पाहिले तर लक्षात येते की, देवादिकांना हजारो प्रतींत घरोघर पोचवण्याचे काम त्यांनी आधी दगडावर पाहिले आणि मग फितीवर केले.

हा देशातला पहिला रंगीत छापखाना नव्हे. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्येच चित्रशाळा काढली होती, आणि तिथल्या रामपंचायतनाने व नाना फडणविसांनी मराठी घरांच्या भिंती आधीच तयार करून ठेवल्या होत्या. घाटकोपरच्या कारखान्याचे वेगळेपण असे की, तिथे मूळ चित्रकार स्वतःच स्वतःच्या प्रतिकृतींचा मालक होता.

आता ‘प्रतिकृती’ हा शब्द जरा तपासून पाहू, कारण माझा खरा मुद्दा इथे आहे. या छापखान्यात प्रतिकृती होत असे ती कशी? बव्हेरियातून आणलेला चुनखडीचा दगड घासून गुळगुळीत करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने उलटे चित्र काढायचे. दगड ओला केला की पाणी मोकळ्या जागी टिकते आणि तेलकट रेघेवरून निसटते. शाईचा रूळ फिरवला की नेमके उलट होते. एका दगडातून एकच रंग निघतो. लक्ष्मीच्या साडीतली लाल छटा एका दगडावर, कमळातली फिकी गुलाबी दुसऱ्यावर, पाण्यावरची निळसर सावली तिसऱ्यावर. असे कधी दहाहूनही जास्त दगड एकाच कागदावर, एकावर एक, केसाएवढाही फरक न पडता उतरवायचे. हे रंग वेगळे करायला तेव्हा यंत्र नव्हते. एक माणूस तैलचित्रासमोर बसून डोळ्यांनी ठरवत असे की, या गालात पिवळा किती, तांबडा किती, करडा किती. मग प्रत्येक छटा बारीक बारीक ठिपक्यांनी आपापल्या दगडावर काढत असे.

म्हणजे ही नक्कल नव्हती, अनुवाद होता. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको, आपल्या वाचनाचा मोठा हिस्सा अनुवादांनी घडवला आहे. अनुवादकाला मूळ कृती वाचावी लागते, काय सोडायचे ते ठरवावे लागते आणि आपल्या भाषेच्या मर्यादेत ती पुन्हा उभी करावी लागते. दगडावर ठिपके काढणारा माणूस हेच करत होता. तैलरंगातली खोल सावली दगडाला जमत नाही, तिथे तो सावली उजळ करी आणि बाह्यरेषा पक्की करी. जुन्या छापातली लक्ष्मी म्हणूनच तैलचित्रातल्या लक्ष्मीपेक्षा सपाट, ठसठशीत आणि लांबून ओळखू येणारी आहे. देवघराच्या अंधारात, समईच्या उजेडात, दहा फुटांवरून दिसायला हवी तशी. तैलचित्रात तिच्याभोवती हवा आहे. छापात हवा कमी आणि उपस्थिती जास्त आहे. मला विचाराल तर लक्ष्मीच्या बाबतीत अनुवाद मुळाच्या वर गेला आहे. ‘शकुंतले’च्या बाबतीत मात्र गेलेला नाही. पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळणाऱ्या त्या मानेतली लाज छापात येता येता नुसती मुद्रा होते.

रविवर्म्यावर नाटकीपणाचा आरोप जुना आहे. आनंद कुमारस्वामींनी १९०७च्या सुमारास तो कडक शब्दांत केला आणि पुढच्या टीकाकारांनी तो गिरवला. तैलचित्रांपुरता तो बराचसा खरा आहे. पण या टीकेने छापांकडे पाहिले ते मूळ चित्राची उतरलेली, स्वस्त आवृत्ती म्हणून. वॉल्टर बेंजामिनचा १९३५ सालचा प्रसिद्ध निबंधही सांगतो की, यंत्राने पुनरुत्पादन सुरू झाले की कलाकृतीचे तेजोवलय विरते. युरोपात तसे झाले असेल. आपल्याकडे घडले ते उलटे. मूळ तैलचित्र राजवाड्याच्या दालनात कोरडे लटकत राहिले, आणि छापाला हळदकुंकू लागले, हार चढला, उदबत्तीचा धूर बसला. घरातल्या बायकांनी छापातल्या सरस्वतीच्या साडीवर खरी जर शिवली, टिकल्या लावल्या, गळ्यात मणी ओवले. असे सजवलेले ओलिओग्राफ आज जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळतात. त्या चित्रांचे कर्ते तीन : रविवर्मा, दगडावरचा अनामिक कारागीर आणि सुईदोरा घेतलेली घरची बाई. बेंजामिनने हे पाहिले असते तर निबंधात एखादे प्रकरण वाढले असते.

आपल्या भाषेने हा फरक मुळात मानलाच नव्हता. ‘तसबीर’ म्हणजे चौकटीत बसवलेले, भिंतीवर लावलेले चित्र. ते मूळ की छापलेले, हा प्रश्न त्या शब्दात नाही. तसबीर कोणाची एवढेच विचारायचे, म्हणजे चित्रात कोण आहे. चित्रकार कोण हे कोणी विचारत नसे. फ्रेमवाल्याच्या डाव्या भिंतीला हा शब्द अजून लागू पडतो. उजव्या भिंतीला कोणी तसबीर म्हणत नाही. तिथे ‘पेंटिंग’ म्हणतात, आणि हा शब्द वापरणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असते की ते पेंटिंग नाही.

खोट्या कॅनव्हासची सुरुवात कोणी केली, हे मात्र कबूल करायला हवे. ओलिओग्राफलाही वरून व्हार्निश देत, आणि कागदावर कॅनव्हासच्या विणीचा ठसा उठवत. ‘ओलिओ’ म्हणजे तेलच. मध्यमवर्गाला तैलचित्राचा भास विकणे हा त्या धंद्याचा भागच होता. तेव्हा आजच्या जेलच्या फटकाऱ्यांना नाक मुरडताना घाटकोपरला सूट देता येत नाही. फरक आहे तो चित्राच्या तळाशी. जुन्या छापाच्या खालच्या समासात चित्राचे नाव आणि छापखान्याचे नाव असे : ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’. कोणी छापले, कुठे छापले, हक्क कोणाचा, याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली होती. आजच्या ‘म्यूझियम क्वालिटी’ प्रिंटवर म्यूझियमचे नाव नसते, छापणाऱ्याचे नसते, आणि बऱ्याचदा चित्रकाराचेही नसते. असलेच तर चुकीचे असते.

इथे हळदणकरांकडे परत येऊ. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, मूळचे सावंतवाडीचे, मुंबईच्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. दिवा घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र, ‘ग्लो ऑफ होप’, १९४५-४६च्या सुमाराचे. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि त्याच राजवाड्यात रविवर्म्याचीही चित्रे असल्यामुळे नावांची सरमिसळ सोपी झाली. पण चुकीच्या नावाहून मोठा अपराध वेगळाच आहे. हे चित्र जलरंगातले आहे. पारदर्शक जलरंगात उजेड रंगाने काढत नाहीत. कागदाचा पांढरेपणा जिथे राखला तिथे उजेड असतो. बोटांच्या कडांतून झिरपणारा तो तांबूस प्रकाश म्हणजे पातळ रंगाच्या थराखालून वर येणारा कागद आहे. या चित्राचे सगळे कसब त्या न रंगवलेल्या जागेत आहे. आता हेच चित्र कॅनव्हासवर छापून वरून जेलचे जाड फटकारे दिले की काय उरते? ज्योत पिवळ्या रंगाचा ठिपका होते आणि हात मेणाचा. तैलचित्र समजून सजवलेले जलरंग ही नुसती वाईट प्रत नाही. चित्र न वाचता केलेला अनुवाद आहे तो.

आणखी एक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेला, तो केव्हाच सर्वांचा झाला. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे हक्काची मुदत २०२८ अखेरपर्यंत आहे. फ्रेमवाल्याच्या ‘रविवर्मा म्हटलं की जातं’मध्ये ही सोयही नकळत दडलेली आहे.

मग ‘म्यूझियम क्वालिटी’ म्हणजे नक्की काय? या शब्दांना कुठल्याही संग्रहालयाची मोहोर लागत नाही. चांगल्या अर्थाने ते वापरले तर तीन गोष्टी अभिप्रेत असतात : रंगद्रव्याची शाई, जी साध्या प्रिंटरच्या शाईसारखी चार पावसाळ्यांत उडत नाही, आम्लरहित सुती कागद, जो पिवळा पडत नाही, आणि मूळ चित्राचे मोठे, रंगांचा ताळा घेतलेले छायाचित्र. अशा छपाईला ‘जिक्ले’ हे फ्रेंच नाव १९९१ मध्ये एका अमेरिकी छपाईकाराने दिले. अर्थ शाईचा फवारा इतकाच, पण ‘इंकजेट’ म्हटले की भाव पडतो. कागद-शाईवर खर्च करून मागे करडा स्वस्त पुठ्ठा लावला तर सगळे फुकट, कारण पुठ्ठ्यातले आम्ल कडेकडेने चित्रात उतरते. संग्रहालये जलरंग आणि छाप पन्नास लक्स इतक्या मंद उजेडात ठेवतात. हवेतला ओलावा निम्म्याच्या आसपास राखतात. अंधेरी-बोरिवलीत जुलैत तो ऐंशी टक्क्यांच्या वर राहतो, आणि पश्चिमेची भिंत तर पाझरतेच. तेव्हा काच चित्राला टेकू न देणारा माउंट आणि भिंतीत व चौकटीत हवा खेळेल इतकी फट, या दोन साध्या गोष्टी महागड्या शाईपेक्षा चित्राचे आयुष्य जास्त वाढवतात. दोन्ही आपल्या कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याला जमतात. मागाव्या मात्र लागतात.

मापाचे काय? उजव्या भिंतीवरची सगळी चित्रे दुकानात एकाच आकाराची असतात, कारण पट्टी एकाच मापाने कापणे स्वस्त पडते. व्हर्मीरची मुलगी मुळात दीड फूटही उंच नाही. क्लिम्टचे ‘द किस’ जवळजवळ सहा फूट चौरस आहे आणि त्यात खरा सोन्याचा वर्ख आहे. दुकानात दोघी-दोघे दोन बाय तीनच्या चौकटीत गुमान बसतात : मुलगी सुजते, प्रेमिकांच्या बाजू छाटल्या जातात आणि सोने हळदीसारखे दिसते. ‘स्टारी नाइट’ त्यातल्या त्यात वाचते, कारण मूळ चित्रच तीन फूट रुंद आहे. टीव्ही आणि दार यांच्यामधल्या चार फुटांच्या भिंतीला ते मूळ मापात बसते.

पण या भिंतीवर मला खरा चटका लावला तो होकुसाईच्या लाटेने. तिचे ‘मूळ’ असे काही नाहीच. ती लाकडी ठशांवरून हजारोंनी छापली गेली आणि स्वस्तात विकली गेली. माप जेमतेम दहा इंच बाय पंधरा. आपल्या लक्ष्मीची ती जपानी बहीण आहे : बाजारासाठी केलेली, अनेक हातांनी घडलेली, घराच्या भिंतीसाठी जन्मलेली. जगाने लाटेला संग्रहालयात नेले. लक्ष्मी मात्र दिवाणखान्यातून देवघरात, देवघरातून पोटमाळ्यावर आणि तिथून पुनर्विकासाच्या दिवशी पिंपळाखाली गेली.

हे पिंपळ उपनगरात सगळीकडे आहेत. इमारत रिकामी करताना देवाची तसबीर कचऱ्यात टाकवत नाही, नव्या घरातल्या संगमरवरी देव्हाऱ्यात तिला जागा नसते, म्हणून ती पारावर आणून ठेवतात. काच फुटते, पाऊस लागतो, मागची फळी फुगते. त्यांत बहुतेक अलीकडचे ऑफसेट छाप असतात. भिंग धरले की एकसारख्या रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते आणि शोध संपतो. क्वचित एखाद्या तसबिरीत जाळी नसते. लहानमोठे, वेडेवाकडे, हाताने काढलेले ठिपके असतात, एकमेकांवर सरकलेले, कुठे रंग रेघेबाहेर गेलेला. जुन्या वस्तूंच्या बाजारात चहाच्या पाण्याने पिवळे केलेले नवे छाप जुने म्हणून विकतात, तेव्हा एवढी एक खूण पाहून ठेवावी. चहा कागदाला म्हातारा करतो. ठिपक्यांची जाळी तशीच राहते.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत गेला. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन बर्जर दूरचित्रवाणीवर समजावत होता की छापलेल्या प्रतीमुळे चित्र माणसाच्या घरी येते आणि घरातल्या वस्तूंच्या सोबतीत त्याचा अर्थ बदलतो. आपल्याकडे हे तोवर तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले होते, पण लिहिले कोणी नव्हते. रणजित देसाईंच्या कादंबरीमुळे रविवर्मा मराठी घरात माणूस म्हणून आला. ज्या हातांनी त्याला ठिपका ठिपका करून दगडावर उतरवले, त्यांच्यावर मराठीत कादंबरी सोडा, धड लेखही सापडत नाही. युरोपातली मोठी संग्रहालये आपल्या चित्रांच्या उत्तम प्रतिमा आता फुकट उपलब्ध करून देतात, त्यामुळे मुलुंडमध्ये व्हर्मीर चांगला छापून मिळणे शक्य आहे. औंधच्या संग्रहालयातला रविवर्मा, म्हैसूरचा हळदणकर, मुंबईचा धुरंधर मात्र कुठल्यातरी कॅलेंडरवरून उचललेल्या, रंग उडालेल्या छायाचित्रावरूनच फ्रेमवाल्याकडे पोचतो. रविवर्म्याने स्वतः यंत्र आणून जे काम अंगावर घेतले होते, ते आज ज्यांच्याकडे चित्रे आहेत त्या संस्था अंगावर घेत नाहीत. मग ते काम पेनड्राइव्ह घेऊन येणारा दलाल करतो.

त्या दिवशी मी दुकानात गेलो होतो तो पारावरून उचललेली एक लक्ष्मी घेऊन. काच गेलेली, वरच्या कोपऱ्यात बुरशी, पण ठिपके हाताचे. फ्रेमवाल्याने जुनी चौकट उकलली तेव्हा माउंटखाली दडलेला तळचा समास बाहेर आला. त्यावर पुसट इंग्रजी अक्षरांत छापखान्याचे नाव होते. त्याने सवयीने त्यावर पट्टी ठेवून कापायची खूण करायला पेन्सिल उचलली. मी थांबवले. म्हटले, माउंटची खिडकी अर्धा इंच खाली घ्या, ही ओळ दिसली पाहिजे.

“खाली जास्त जागा सुटेल,” तो म्हणाला. “देवी वर सरकल्यासारखी दिसेल.”

“सरकू दे.”

त्याने पुन्हा एकदा मापले, मान हलवली, आणि आम्लरहित माउंटचे जास्तीचे पैसे वेगळे पडतील म्हणून सांगितले.